कौतुक ऐकण्याची जबाबदारी

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. ग्रामविकास मंडळे, ज्ञातिसंस्था, पतपेढ्या आणि मुंबईतली चाकरमान्यांची मंडळे शाल, गुलाबाचे फूल आणि प्रशस्तिपत्र घेऊन उभी असतात, आणि त्याच सुमारास एक ठरलेला वादही उभा राहतो. एक पक्ष म्हणतो की कोकण विभागाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के आणि २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला. जिथे जवळजवळ सगळीच मुले उत्तीर्ण होतात तिथे गौरव कशाचा करायचा, आणि अशा स्वस्त कौतुकाने मुले शेफारणार नाहीत तर काय होईल? दुसरा पक्ष म्हणतो की पावसापाण्यात वहाळ ओलांडून वाडीवरून शाळेत गेलेल्या मुलाच्या पाठीवर थाप पडलीच पाहिजे. दोघेही कळकळीने बोलतात, पण दोघेही एकाच गोष्टीचे माप काढत बसतात: कौतुक किती द्यावे. ते घेणाऱ्याने त्याचे काय करावे, हा प्रश्न कोणाच्याच बोलण्यात येत नाही. नाव पुकारले की मुलगी मान खाली घालून व्यासपीठावर येते, प्रशस्तिपत्र घेते आणि घाईने खाली उतरते. आपल्याविषयी जे सांगितले गेले ते तिने ऐकले का, त्यातले काय पटले आणि काय पटले नाही, हे तिला कोणी विचारत नाही. आणि विचारलेच, तर उत्तर देता येईल असे काही आपण तिला शिकवलेले नाही.

माझे म्हणणे असे की कौतुक नीट ऐकून घेणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, आणि ‘कसचं कसचं’ म्हणून ते झटकून टाकण्याच्या ज्या सवयीला आपण विनय म्हणतो ती पुष्कळदा विनय नसते. एखादा माणूस आपल्या कामाकडे पाहतो, त्यावर विचार करतो आणि त्याला जे दिसले ते आपल्याला सांगतो, तेव्हा तो एक साक्ष देत असतो. ती न तपासता आपण फेटाळतो. निंदेची साक्ष न तपासता फेटाळणाऱ्याला आपण अहंकारी म्हणतो; मग स्तुतीची साक्ष त्याच रीतीने फेटाळणाऱ्याला नम्र कोणत्या न्यायाने म्हणायचे? दोघांचाही दावा एकच असतो, की माझ्याविषयी मला जे ठाऊक आहे त्यापलीकडे कोणाला काही दिसूच शकत नाही.

निंदकाचे घर शेजारी असावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या वचनामागचे तर्कशास्त्र पाहावे. निंदक जवळ हवा, कारण आपले दोष आपल्याला दिसत नाहीत आणि त्याला दिसतात. पण जो डोळा स्वतःचे दोष पाहण्यात चुकतो तो स्वतःचे गुण पाहण्यात मात्र अचूक असतो, असे मानायला आधार कोणता? सिमिन वझीर या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांनी स्वतःविषयी केलेले अंदाज, त्यांच्या मित्रांनी केलेले अंदाज आणि प्रत्यक्ष चाचण्यांतून दिसलेले वर्तन यांची तुलना केली होती. चिंता, अस्वस्थता अशा आतल्या अवस्थांबाबत माणसाचा स्वतःचा अंदाज अधिक बरोबर ठरला. बुद्धी आणि सर्जनशीलता यांसारख्या, ज्यांच्याशी आपली प्रतिष्ठा गुंतलेली असते अशा गुणांबाबत मित्रांचा अंदाज अधिक बरोबर ठरला. म्हणजे ‘मला आतून किती धाकधूक होत होती ते माझे मला ठाऊक’ हे कीर्तनकाराचे म्हणणे खरे असते, आणि ‘कीर्तन उत्तम झाले’ हे श्रोत्याचे म्हणणेही खरे असू शकते. आपण नेमके इथेच गफलत करतो. आतली धाकधूक हा बाहेरच्या कामाचा पुरावा मानतो आणि समोरच्याला जणू खोटे ठरवतो.

विरुद्ध बाजूचे मुद्दे हलके नाहीत, आणि त्यांतला पहिला आपल्या परंपरेतूनच येतो. समर्थ रामदासांनी मूर्खाची लक्षणे सांगताना आपली स्तुती आपणच करणाऱ्याला त्यात बसवले आहे. कोकणातल्या घराघरांत दृष्टीचे भय आहे: बाळ गोंडस दिसते म्हटले की आई गालाला तीट लावते आणि संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून टाकते. चांगले बोलले गेले की काही वाईट ओढवते, ही भावना इतकी खोल आहे की शिकलेली माणसेही आंब्याला मोहोर चांगला आला आहे का विचारले तर सरळ उत्तर देत नाहीत. ही भावना मी टाकाऊ मानत नाही. ज्या प्रदेशात एका अवकाळी पावसाने मोहोर करपतो आणि एका वादळाने उभी बाग आडवी होते, तिथे आजचे चांगले उद्या टिकेल असे गृहीत धरू नये, हे शहाणपणच आहे. पण या दोन्हींपैकी एकही गोष्ट इतरांची साक्ष फेटाळायला सांगत नाही. समर्थांचा निषेध स्वतःच स्वतःचे ढोल वाजवण्याला आहे. दुसरा बोलत असताना कान बंद करण्याचा उपदेश त्यात नाही. आणि दृष्ट काढणारी आई बाळ गोंडस नाही असे कधी म्हणत नाही. ती कौतुक खरे मानते, म्हणून तर तीट लावते.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे आणि अधिक भक्कम आहे. स्तुती ही बहुधा मतलबाची असते. चौकाचौकांतल्या फलकांवर ज्यांना कार्यसम्राट म्हटलेले असते त्यांनी ते मनावर घेतले तर काय होते, ते आपण रोज पाहतो; हरभऱ्याच्या झाडावर चढवलेली माणसे पडताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. शिवाय खरी, प्रेमाची स्तुतीही अपाय करू शकते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे सांगितले. नंतरची कोडी अवघड निघाली तेव्हा हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर हिरमुसली, त्यांनी चिकाटी सोडली आणि पुढची कामगिरीही त्यांची खालावली. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की ज्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीच कमी आहे त्यांच्या चित्राची अवाच्या सवा स्तुती केली, तर पुढच्या वेळी ती सोपे चित्र निवडतात, कारण एवढ्या उंच अपेक्षेला उतरण्याची त्यांना भीती वाटते. शेफारण्याची चिंता करणाऱ्या पक्षाला हे संशोधन ठाऊक असो वा नसो, त्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे.

मात्र या प्रयोगांतून निघतो तो निष्कर्ष कौतुक बंद करा असा नाही. मेहनतीचे कौतुक झालेली मुले त्याच प्रयोगात तग धरून राहिली. फरक पडला तो कौतुक कशाचे होते आणि मुलाला त्याचा अर्थ काय लागला, यामुळे. ‘हुशार’ हे विशेषण तपासता येत नाही, म्हणून ते एक तर गिळावे लागते किंवा थुंकावे लागते; ‘तिसरे गणित अडले तेव्हा तू वेगळी आकृती काढून पाहिलीस’ हे वाक्य मूल स्वतः तपासू शकते. तपासता येणाऱ्या स्तुतीने कोणी शेफारत नाही. आणि मतलबी स्तुतीवरचा खरा उतारा कोणता? जो सगळेच कौतुक एकाच हाताने दूर सारतो त्याला खोटे आणि खरे यांतला फरक ओळखण्याची सवय कधी लागत नाही, आणि अशाच माणसाला एखादा चतुर खुशमस्कऱ्या भेटला की तो सहज भुलतो, कारण इतकी वर्षे उपाशी ठेवलेली भूक कुठे तरी बाहेर पडतेच. कौतुक ऐकायला, त्यावर प्रश्न विचारायला, त्यातले पटेल ते ठेवायला शिकलेला माणूस भुलवायला कठीण असतो.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. इतरांना आपण जसे दिसतो तसे स्वतःला पाहावे म्हणता; पण इतरांची नजर चुकीची, क्रूर, अन्यायाची असेल तर? दापोली तालुक्यातल्या मुरुडने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांकडे कसे पाहिले? विधवेशी विवाह केला म्हणून गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या नजरेने त्यांनी स्वतःला पाहिले असते तर पुढचे महिला विद्यापीठ उभे राहिले नसते. आणि महाडचे काय? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले, तेव्हा त्यांनी नेमकी दुसऱ्यांची नजर नाकारली होती. शतकानुशतके ज्यांना ‘तुम्ही हेच आहात’ असे सांगितले गेले त्यांच्यासाठी ते न ऐकणे हीच मुक्ती होती. हा आक्षेप घेणाऱ्यापुढे मी मान तुकवतो, आणि तरीही म्हणतो की महाडच माझी बाजू अधिक स्पष्ट करते.

कारण जातीची नजर ही पाहिल्यावर तयार झालेली नजर नव्हती. माणूस जन्मण्याआधीच तिचा निवाडा लिहून तयार होता. तिने कोणाचे काम पाहिले नाही, कोणाचे बोलणे ऐकले नाही. अशा निवाड्याला साक्ष म्हणता येत नाही आणि तो फेटाळायलाच हवा. पण तो फेटाळून माणूस एकटा उरतो का? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, जुन्या खुणा टाकून नीटनेटके लुगडे नेसण्याविषयी बोलले. त्या बोलण्याचा गाभा मला तरी असा दिसतो की तुमची योग्यता मला दिसते आहे आणि ती तुम्हीही पाहा. तिथल्या स्त्रियांनी ‘आमचे कसले काय’ म्हणून ते परतवले असते तर चळवळीचे काय झाले असते? जुना अपमान मनातून काढायचा असेल तर त्या जागी काही तरी खरे यावे लागते, आणि ते पुष्कळदा प्रेमाने आणि नीट पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या तोंडूनच येते. कर्व्यांनाही मुरुडच्या बहिष्काराच्या विरुद्ध बाजूला त्यांच्या कामावर विश्वास ठेवणारी माणसे मिळाली आणि त्यांनी तो विश्वास स्वीकारला, म्हणून काम उभे राहिले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न त्यांनी घेतले, तेही परत पाठवले नाही.

नजरेनजरेतला हा भेद कसा करायचा, याचे एक उदाहरण रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या आयुष्यात आहे. २३ जुलै १९१६ रोजी त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली आणि पुण्यात लोकांनी एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण केली. त्याच दिवशी सरकारने, त्यांची भाषणे राजद्रोही आहेत असे म्हणून, चांगल्या वर्तणुकीसाठी त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका मागणारी नोटीस बजावली. एकाच दिवशी एकाच माणसाविषयी दोन साक्षी त्यांच्यापुढे आल्या. टिळकांनी ‘मी कसला त्या थैलीला पात्र’ असे म्हणून थैली नाकारली नाही. ती स्वीकारली आणि राष्ट्रकार्याला दिली. सरकारची साक्ष त्यांनी कोर्टात तपासायला लावली, आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. मला यातली मोठी गोष्ट अशी वाटते की दोन्ही साक्षींना त्यांनी उत्तर दिले. लोकांचा आदर त्यांनी स्वतःच्या खिशात टाकला नाही, पण रस्त्यावरही टाकला नाही. स्वीकारणे आणि मिरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्या एका दिवसात जितके स्वच्छ दिसते तितके पुष्कळ व्याख्यानांनी दिसणार नाही.

आपल्या कोकणी मातीत ही रीत नाही असे कोणी म्हणू नये. दोन बुवांच्या सामन्याच्या, म्हणजे डबलबारीच्या, भजनात रसिक उठून बक्षीस देतो, बुवा गाता गाता थांबून देणाऱ्याचे नाव आणि रक्कम सर्वांसमोर सांगतात, आभार मानतात आणि पुढची चाल अधिक ताकदीने उचलतात. तिथे कोणी बुवा ‘मला काय येतं’ म्हणत नाही, आणि म्हटले तर श्रोत्यांना ते आपल्या पारखीचा अपमान वाटेल. त्याहून जुनी रीत गाऱ्हाण्याची आहे. देवळात मानकरी एखाद्या माणसासाठी गाऱ्हाणे घालतो, त्याचे बरे चिंततो, भोवतालचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत साथ देतात, आणि ज्याच्यासाठी हे चालले असते तो हात जोडून शांत उभा असतो. चारचौघे आपल्यासाठी चांगले बोलत असताना मध्येच न बोलता ते पुरते होऊ द्यावे, ही शिस्त आपल्याला देवळाच्या सभामंडपात ठाऊक आहे. तीच माणसे बाहेर पडून ‘त्यात काय येवढा?’ म्हणू लागतात ती का? मला वाटते, देवळात बोलणाऱ्याचा मान राखायचा असतो हे आपण जाणतो, आणि बाहेर कौतुक हे फक्त आपल्याविषयीचे बोलणे समजतो. प्रत्यक्षात तिथेही बोलणाऱ्याने काही तरी पुढे केलेले असते. दोनदा, तीनदा ते मागे लोटले गेले की तो बोलणे सोडतो. मग त्या साठलेल्या चांगल्या शब्दांना एकच जागा उरते. शोकसभेत माणसे भरभरून बोलतात, आणि ज्याने ते ऐकायला हवे होते तो नसतो.

या सगळ्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न सभ्यतेच्या पलीकडचा आहे. १९७८ मध्ये पॉलिन क्लॅन्स आणि सुझान इम्स यांनी दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांच्या निरीक्षणावरून लिहिले की पदव्या, मान्यता, सहकाऱ्यांचा आदर हे सगळे हाती असूनही त्या आपले यश नशिबाला किंवा इतरांच्या गैरसमजाला चिकटवत होत्या. ती निरीक्षणे अमेरिकेतली आहेत, पण मालवण, तारकर्ली, गुहागरकडच्या घरगुती खानावळींत आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांत बसून पाहावे. मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणाविषयी, तांदळाच्या घावण्यांविषयी मनापासून बोलतो, आणि स्वयंपाकघरातून उत्तर येते की हे तर रोजचेच. पाहुणा मसाला विकत मागतो, तेव्हा तो पिशवीत बांधून फुकट दिला जातो. रोजचे आहे हे खरेच. पण पाहुण्याला जे दिसले तेही खरे आहे. मोजून न घेतलेले कसब दराच्या पाटीवर येत नाही, बँकेच्या कर्जाच्या अर्जात येत नाही, आणि घरातल्या पुरुषाच्या नावाच्या पाटीखाली चालणाऱ्या धंद्यात ते कोणाचे आहे हेही हळूहळू विसरले जाते. अशा घरी त्या स्त्रीच्या ‘काही नाही हो’ला विनय म्हणणे मला कठीण जाते.

इतरांच्या चांगल्या शब्दाला किंमत असते हे कायदाही मानतो. एखाद्या प्रदेशाशी जोडलेल्या मालाला मिळणाऱ्या भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात वस्तूचा दर्जा आणि तिचा नावलौकिक, दोन्ही नोंदीचे आधार आहेत. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला मानांकन मिळाले ते पिढ्यानपिढ्या खाणाऱ्यांनी दिलेल्या साक्षीवरही उभे आहे. पण त्या मानांकनाचा लाभ आपोआप दारात येत नाही. बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाने नोंदणी करावी लागते, म्हणजे ‘होय, ज्याची ही ख्याती आहे ते माझ्या बागेतले आहे’ असे लिहून द्यावे लागते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या घरांत चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या, पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या होत्या. त्या जुन्या झाल्या असे ठरवणे सोपे होते. परशुराम गंगावणे यांनी त्या जपल्या, मांडल्या, लोकांसमोर ठेवल्या, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरच्यांनी वाहवा केली तेव्हा ती गांभीर्याने घेणारे कोणी घरात नसते, तर त्या पोथ्यांचे काय झाले असते?

म्हणून सत्कारांचा वाद घालणाऱ्यांना माझे सांगणे असे की शाली कमी करायच्या की वाढवायच्या हे नंतर ठरवा. आधी प्रत्येक मुलाविषयी त्याला शिकवणाऱ्या शिक्षकाने पाहिलेली एक नेमकी गोष्ट सांगा आणि त्याला दोन मिनिटे उत्तर देऊ द्या. धन्यवाद म्हणून ते पुढे सांगेल की हे मला पटले, हे अजून जमलेले नाही, आणि यात अमक्याचा हात आहे. श्रेय वाटणे आणि श्रेय नाकारणे यांतला फरक मुलांना बोलूनच कळतो. हे त्यांना घरी दिसले नाही तर मात्र व्यासपीठावर सुचणार नाही, आणि इथे मोठ्यांची जबाबदारी येते. बचत गटांच्या प्रशिक्षणात पॅकिंग, लेबल आणि हिशेब शिकवतात. त्यात आणखी एक सत्र असावे: ग्राहकांनी वर्षभरात आपल्या मालाविषयी जे चांगले सांगितले ते प्रत्येकीने आठवून, त्यांच्याच शब्दांत लिहून काढावे, गटात मोठ्याने वाचावे, खरे आहे का यावर बोलावे, आणि त्यातले जे खरे ठरेल ते धरून पुढच्या हंगामाचे दर ठरवावेत.